उणे पावणेसहा टन

कारखान्याची शेड पुरवणारी कंपनी पायाचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला एक कागद पाठवते. त्यावर वर फ्रेमची बारीक रेघांतली आकृती, मध्ये आकड्यांचा तक्ता आणि तळाशी टिपा असतात. हा तक्ता म्हणजे शेडचा प्रत्येक खांब आपल्या पायावर किती आणि कुठल्या दिशेने जोर लावणार, त्याचा जबाब. साइटवर कागदाची घडी होऊन तो खिशात जातो. माझ्या मते मात्र तो ओळीओळीने वाचण्यासारखा आहे.

पुण्याजवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतली सर्वसाधारण पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) शेड घेऊ: रुंदी ३० मीटर, दर साडेसात मीटरवर एक फ्रेम, कडेची उंची ८ मीटर, खांब तळाशी पिन केलेले. आकडे माझ्या ढोबळ हिशेबातले आहेत, पण त्यांचा स्वभाव खरा आहे.

पहिली ओळ शेडच्या स्वतःच्या वजनाची. पत्रा, पर्लिन, राफ्टर धरून चौरस मीटरला वीसेक किलो, म्हणजे एका खांबावर सव्वादोन टन. सव्वाशे मिलिमीटरच्या काँक्रीट स्लॅबचं नुसतं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं, हे आठवलं की या ओळीचा हलकेपणा कळतो. दुसरी ओळ छतावर चढणाऱ्या माणसांची आणि सामानाची. आयएस ८७५ या मानकाप्रमाणे चौरस मीटरला ७५ किलो धरले की साडेआठ टनांच्या आसपास. इथवर सगळं नेहमीचं आहे. इमारत खाली दाबते, जमीन वर उचलून धरते.

तिसऱ्या ओळीत आकड्याआधी उण्याचं चिन्ह येतं. ही ओळ वाऱ्याची. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईसाठी ४४. जवळजवळ सपाट छतावरून वारा गेला की छत वर ओढलं जातं, आणि आमच्या खांबाच्या वाट्याला उणे आठ टन येतात. पत्र्यावर तेव्हा कुणी चढलेलं नसतं, त्यामुळे दुसरी ओळ मदतीला येत नाही. सव्वादोन वजा आठ: उणे पावणेसहा. पायाने उचलून धरायची वस्तू आता धरून ठेवायची आहे. पावणेसहा टनांना नुसत्या वजनाने तोलायचं तर जवळजवळ अडीच घनमीटर काँक्रीट हवं, आणि त्यात सुरक्षिततेचं माप अजून धरलेलंच नाही. माती चांगली असूनही फुटिंग एवढं मोठं का, असं मालक विचारतो तेव्हा उत्तर या एका आडव्या रेघेत असतं. त्यात वादळात मोठं शटर उघडं राहिलं तर वारा आत शिरून छताला खालूनही ढकलतो. मानकात आतल्या दाबाचा गुणांक बंदिस्त शेडला ०.२ आणि भिंतीत वीस टक्क्यांहून जास्त उघडीप असेल तर ०.७ आहे. दार उघडं की बंद, यावर पायाचं आकारमान बदलतं.

तरीही या तक्त्यातला खरा रस मला उभ्या आकड्यांत वाटत नाही. तो शेजारच्या आडव्या रकान्यात आहे. वारा अजिबात नसताना, नुसत्या छताच्या भारानेच, तिथे साडेपाच टनांचा आकडा असतो. पावणेअकरा टन खाली आणि साडेपाच टन बाहेर! तेलकट फरशीवर पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ही फ्रेम आहे. वरून भार आला की दोन्ही पाय बाहेर सरकू पाहतात. शेड जितकी रुंद आणि बुटकी, तितका हा आडवा रेटा जास्त.

आता काळी माती आणा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून दीडेक मीटर खोदून मुरमावर जायचं. रेटा मात्र पेडेस्टलच्या, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या, माथ्यावर लागतो. पेडेस्टल जमिनीच्या थोडं वर, फुटिंगचा तळ दीड मीटर खाली, म्हणजे जवळजवळ १.८ मीटरचा दांडा आणि तळाशी दहा टन-मीटरचा उलथवणारा जोर. चांगल्या जमिनीच्या शोधात जितकं खोल जावं, तितका हा दांडा लांबत जातो. शहाणा डिझायनर मग फुटिंग खांबाच्या मधोमध न ठेवता बाहेर सरकवतो. पण कुंपण अगदी लगत असेल तर तीही सोय नाही.

दुसरा उपाय दिसायला सुंदर आहे. समोरासमोरचे दोन पेडेस्टल फरशीखालून सळईने बांधायचे, दोघांचा रेटा एकमेकांत जिरवायचा. २५ मिलिमीटरची एक सळई ताकदीला पुरते. पण एवढ्या ओढीखाली तीस मीटरची ती सळई सतराएक मिलिमीटर लांबते, आणि खांब तेवढे फाकतात. म्हणजे ताकद पुरली तरी ताठपणा पुरत नाही. सळई जाड घ्यायची आणि गंजू नये म्हणून काँक्रीटमध्ये गाडायची. पेडेस्टलभोवती केसांच्या पिनेसारखी वाकवलेली सळई फरशीत सोडून फरशीलाच ओढ द्यायची, ही स्वस्त पद्धतही आहे. मला ती फारशी पटत नाही. आपल्याकडे शेड आधी उभी राहते आणि फरशी महिन्यांनी पडते. मधल्या काळात ती पिन कशाला धरून असते? शिवाय फरशीत सांधे कापले आणि तिथे जाळी तुटली की ओढ सांध्यापाशीच संपली.

खांबाला पायाशी जखडणाऱ्या बोल्टच्या नकाशाबद्दल थोडक्यात. गवंडी ज्याला सूत म्हणतो, तेवढ्या फरकाची, म्हणजे तीनेक मिलिमीटरची मुभा एका गटातल्या बोल्टना असते. बेस प्लेटची भोकं कारखान्यातून पाडून येतात. म्हणून काँक्रीट ओतताना टेम्प्लेट हलू द्यायचं नाही. आणि वर ओढणारा भार बोल्टला तोडण्याऐवजी त्याच्याभोवतीचा काँक्रीटचा शंकू उखडू शकतो, म्हणून बोल्टची खोली आणि बाजूच्या उभ्या सळया दोन्ही तपासायच्या.

शेवटी तळाची टीप: पायाचं डिझाइन पुरवठादाराच्या कामात नाही. भाषा कोरडी, पण सगळा तंटा इथून निघतो. वरचे आकडे त्या कंपनीच्या फ्रेमचे असतात. दुसऱ्या कंपनीचे खांब जाड किंवा बारीक असले की आडवा रेटा बदलतो. कुणी खांब तळाशी ताठ बांधून पोलाद वाचवतो आणि वाकवणारा जोर पायात सोडतो. शेडचं टेंडर स्वस्त पडतं, काँक्रीटचं महागतं. तरीही घाईपोटी पुरवठादार ठरण्याआधीच पाया ओतला जातो, आणि अंतिम तक्ता आला की जुन्या फुटिंगला नवा रेटा झेपतो का, हे शोधत बसावं लागतं.

पायाच्या नकाशातली टाय रॉडची, म्हणजे पेडेस्टल बांधणाऱ्या त्या सळईची, रेघ बहुतेकदा तिथेच राहते. मालकाकडे जाणाऱ्या फरशीच्या नकाशावर ती उतरत नाही. दोन-चार वर्षांनी नवं मशीन येतं, त्याच्या फाउंडेशनसाठी किंवा केबलच्या चरासाठी ब्रेकर लावला जातो आणि सळई कापली जाते. म्हणून जे डिझायनर फरशीच्या नकाशावर लाल रेघ ओढून ‘इथे खोदू नये, खाली टाय आहे’ असं लिहितात, त्यांचे नकाशे मी जपून ठेवतो.