गुंठा, पास आणि आठवण

गावाकडच्या आठवणींची पुस्तकं मी आवडीनं वाचतो. त्यातली निम्मी मला उघडायच्या आधीच पाठ असतात, तरी वाचतो. कंदिलाचा उजेड, ढुंगणावर ठिगळ लावलेली चड्डी, फडक्यात बांधलेली चटणी-भाकर, एखादा मायाळू मास्तर. मग मुंबईत काकाच्या खोलीत पथारी, रात्रशाळा, नोकरी, लग्न. शेवटच्या प्रकरणात डोंबिवलीला, कल्याणला नाहीतर ठाण्याला घेतलेला ब्लॉक. लेखक संध्याकाळी ब्लॉकच्या गॅलरीत उभा राहतो, त्याला गाव आठवतं आणि पुस्तक संपतं.

माझं भांडण त्या गॅलरीपासून सुरू होतं. गॅलरीखाली शेत होतं आणि ते आमच्याकडच्या कुणाचं तरी होतं. मी कल्याण तालुक्यातला, शिळफाट्याच्या रस्त्यालगतच्या एका आगरी गावातला. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, बांधावर चिंबोऱ्या. सातारा-रत्नागिरीच्या लेखकाचं पुस्तक जिथं येऊन टेकतं, तिथं आमचं गाव आधीपासून होतं. पण त्याच्या पुस्तकात आम्ही कुठं असतो? फार तर भाजीची पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसलेली एक ठसठशीत बाई, हळदीच्या रात्री बॅन्जो वाजवून झोपमोड करणारी माणसं, आणि अलीकडच्या पुस्तकांत गळ्यात साखळ्या घातलेला गुंठामंत्री.

हा 'गुंठामंत्री' शब्द पुण्याकडून आला असावा, पण आमच्याकडे चांगलाच रुजला. एकराचे चाळीस गुंठे. त्यातले काही विकून गाडी घेतलेला माणूस म्हणजे गुंठामंत्री. शब्दात विनोद आहे आणि निकालही आहे: याच्याकडे पैसा आला, पण हा 'आपल्यातला' झाला नाही. वर्ग म्हणजे फक्त पैसा नव्हे, हे समाजशास्त्राची पुस्तकं सांगतात. आमच्याकडे ते एका टिंगलीच्या शब्दात भागतं.

आमच्या भागात वर जायचे जिने दोन. एक पासाचा, एक गुंठ्याचा. 1853 साली ठाण्याला आणि 1854 साली कल्याणला रेल्वे आली. तिच्यामुळेच पुढे मुंबईत नोकरी करून इथं राहणं जमू लागलं. डोंबिवली वाढली ती या नोकरदारांच्या जिवावर: बँक, एलआयसी, मंत्रालय, रेल्वे, पोस्ट. खिशात महिन्याचा पास, हातात डबा, संध्याकाळी फलाटावर भाजी. दुसरा जिना उशिरा उघडला. आमचे आजे-पणजे बहुतेक कुळं. 1948 चा कुळकायदा झाला, मग 1 एप्रिल 1957 ला कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागायची वाट मोकळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून चढलं. आमच्याकडे कुणी वर चढलं असेल तर ते खरं तेव्हा. त्या दिवसावर एकही आठवण मराठीत माझ्या वाचनात आली नाही, आणि याचं मला अजून नवल वाटतं. लोकांना जमीन विकल्याचं दिसतं, मिळाल्याचं दिसत नाही.

मग कारखाने आले. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट, पुढे डोंबिवलीची एमआयडीसी यांच्यासाठी जमिनी गेल्या. त्यांच्या मागून बिल्डर आले आणि गुंठ्याला भाव आला.

आता टीकेचा मुद्दा. पासवाल्याच्या चढण्याला आपलं साहित्य 'कर्तृत्व' म्हणतं आणि गुंठेवाल्याच्या चढण्याला 'नशीब'. दोन्ही शब्द अर्धेच खरे. पासवाला हुशार होता, कष्टाळू होता, मान्य. पण त्याच्या जिन्याला टेकू किती होते बघा. सरकारी नोकरी, तिचं पेन्शन, घराला कमी व्याजाचं कर्ज, सहकारी बँक, आणि तो पासही स्वस्त, कारण त्याचा निम्म्याहून जास्त खर्च दुसरं कुणीतरी भरत होतं. पगार नियमित असला की माणूस पोराच्या दहावीचा विचार दहा वर्षं आधी करू शकतो. शेतकऱ्याला पैसा आला तो एकदम, एका दुपारी, रजिस्टर कचेरीत. तो कसा वापरायचा हे सांगणारा घरात कुणी नव्हता. पहिल्याचा टेकू महिन्या-महिन्यानं आला म्हणून दिसला नाही. दुसऱ्याचा एकदाच आला म्हणून सगळ्या गावानं पाहिला.

चांगली पुस्तकं हा टेकू लपवत नाहीत. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) शिकलेला, नोकरीतला पवार आपल्याच जुन्या नावाच्या माणसाचं, दगडू मारुती पवारचं, बोलणं ऐकत बसतो. वर आलेल्याला खालचा माणूस सोडत नाही, ही त्या पुस्तकाची रचनाच आहे. आनंद यादवांच्या 'झोंबी'त (1987) शाळेत जायला बापाशीच झुंजावं लागतं. पोरगं शाळेत गेलं की शेतातले दोन हात कमी होतात, हा हिशेब तिथं उघडा मांडलेला आहे. बाप खलनायक वाटतो, मग हळूहळू कळतं की तोही अडकलेला आहे. त्यांच्यामागून आलेल्या आमच्यासारख्यांनी मात्र या पुस्तकांतला कंदील तेवढा उचलला आणि हिशेब तिथंच सोडला.

भाषेचंही तसंच. आठवणींच्या बहुतेक पुस्तकांत आजी बोलीत बोलते आणि लेखक प्रमाण मराठीत तिचं वर्णन करतो. आजी अवतरणचिन्हांत आणि नातू बाहेर. वाचताना गोड वाटतं, पण तीही वर-खालीच आहे. आनंद यादवांनीच 'गोतावळा' (1971) सबंध गड्याच्या बोलीत सांगून दाखवली होती. ते जमतं, फक्त सोपं नाही. आमच्या आगरीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. शाळेत 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा, आणि बाईही हसायच्या. म्हणून आमच्या पिढीनं घरात एक आणि दारात एक अशा दोन जिभा ठेवल्या. आमच्या पोरांनी पहिली टाकूनच दिली. आज त्याच बोलीतली गाणी मुंबईभर लग्नांत वाजतात, त्यावर सोसायटीतली माणसंही नाचतात. नाचायला बोली चालते, मुलाखतीला चालत नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये डोंबिवलीत 90 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. मला हे फार मोठं वाटलं होतं आणि आजही वाटतं. ज्या समाजाला साहित्यात पाटीपुरती जागा, त्यानं साहित्यिकांचा पाहुणचार केला. शहराच्या नाक्यांवर मात्र 'यांना साहित्यातलं काय कळतं' हेही ऐकलं. पंगतीला बसून वाढणाऱ्याला नावं ठेवण्यातला हा प्रकार. चारच महिन्यांनी, जून 2017 मध्ये, कल्याणजवळ नेवाळीत आंदोलन पेटलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी घेतलेली जमीन, तिच्यावर कसत राहिलेले शेतकरी आणि तिला पडू लागलेलं कुंपण. गाड्या जळल्या. पेपरांत जाळपोळ आली, 1940 च्या दशकापासूनचा सातबारा फारसा आला नाही. संमेलन आणि नेवाळी एकाच वर्षातल्या, एकाच पट्ट्यातल्या गोष्टी. दोन्ही एका लेखात घेणारा आठवणीकार अजून व्हायचा आहे.

आणि चढलेलं टिकतंच असंही नाही. मोहन्याची एनआरसी 2009 साली बंद पडली. कॉलनीतल्या कायम नोकरीवाल्यांची घरं एका नोटिशीत खाली आली. गुंठ्याचंही तेच. तीन भावांत वाटणी, एकाचं आजारपण, एकाची जीप, लग्नात दोन दिवसांत उडालेले लाखो रुपये, आणि नातू टॉवरच्या गेटवर गणवेश घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही भरतोय. टॉवर आजोबाच्या शेतावर. हे मी एका घरात पाहिलं नाही, गावोगाव पाहिलं. त्याच गावात शहाणपणानं चाळ बांधून भाड्यावर पोरींना इंजिनीअर केलेली घरंही आहेत. गुंठामंत्री म्हणून एकजात हसणाऱ्याला ती दिसत नाहीत.

पण आम्ही तरी आमची आठवण पूर्ण कुठं लिहितो? गुंठ्याच्या गोष्टीत बहीण नसते. आधी महाराष्ट्रानं 1994 साली काही अटींसह, मग केंद्रानं 2005 साली कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा हक्क मिळाला. त्यानंतर बिल्डरच्या वकिलाला बहिणींच्या सह्या लागायला लागल्या. तोवर माहेरी वर्षातून एकदा येणाऱ्या बहिणींना गाडी पाठवून आणलं जाऊ लागलं. हक्कसोडपत्र, निबंधकाच्या कचेरीबाहेर चहा, साडी, कुणाला एखादी अंगठी. माझी आते म्हणायची, "आंगठा दिला नं लुगरा घेतला." तिनं सही केली नसती तर माहेर तुटलं असतं, हे तिलाही ठाऊक आणि भावांनाही. भाऊ एका वर्गातून दुसऱ्यात गेले. बहीण भाजीच्या पाटीवरच राहिली आणि भावाच्या नव्या बंगल्यावर पाहुणी म्हणून आली.

आणि आमच्याही खाली माणसं होतीच. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (1970) याच, तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यातलं पुस्तक. 1945 साली कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथून वारली लाल झेंडा घेऊन गेले आणि तलासरी-उंबरगावकडे वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, तो लग्नगडी. ते पुस्तक वाचून आम्ही आगरी हळहळतो, जणू तो सगळा अन्याय कुणा दुसऱ्यानं केला. आमच्याच गावांतल्या वीटभट्ट्या कुणाच्या होत्या? दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरकडून कातकरी कुटुंबं यायची. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला आई, बाप आणि पोरं मिळून माती तुडवायची, विटा थापायची. पावसाच्या तोंडावर मुकादम हिशेब करायचा आणि काही तरी बाकी निघायचीच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच कुटुंब, त्याच भट्टीवर. डोंबिवलीच्या कितीतरी इमारती त्या विटांनी उभ्या राहिल्या, ती गॅलरीही त्यातलीच एक असेल. भट्टीवरची पोरं शाळेच्या पटावर गावाकडे असायची आणि हजेरीला इकडे, विटा उलट्या करून उन्हात मांडायला.