पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वत्र चालतो. परंतु त्याचा खरा अर्थ वडसा-देसाईगंजच्या भातशेतीत उमगतो. ज्वारीच्या रानात पाणी मुरले, तर शेतकरी सुखावतो. वैनगंगेकाठच्या या तलावांच्या मुलखात मात्र धान रोवल्यावर बांधीत पाणी उभे राहावे लागते. पाऊस होऊनही पातळी उतरली, की खेकड्याने बांध पोखरला असावा अशी शंका येते, आणि शेतकरी ते बीळ शोधीत बांधावरून हिंडतो.

‘मनात पाल चुकचुकणे’ हाही संशयाचाच प्रयोग. पण त्याचे मूळ शकुनाच्या समजुतीत. तेथे पुरावा लागत नाही. (लोणचे मुरते, राजकारणीही मुरतो, ती गोष्ट निराळी.) पाणी मुरते तेव्हा काहीतरी प्रत्यक्ष घटलेले असते. म्हणून हिशेबातल्या तुटीला हा वाक्प्रचार शोभतो.

आपले कथाकार-नाटककार तो सुनेच्या चारित्र्यावरही सर्रास योजतात, हे मला खटकते. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर येथील मंडळ्या गावोगाव नाटके करतात. समोरच्या प्रेक्षकाला बांधी ठाऊक असते. काय घटले हे नाटककाराने सांगितलेच नाही, तर पाणी मुरले कुठले?