दिग्दर्शकाची धार : व्ही. शांताराम यांच्या उत्तरकालीन चित्रपटांचा विचार

विख्यात दिग्दर्शकांची निर्मितिशक्ती उत्तरवयात ओसरते, असा एक समज चित्रपटविषयक लेखनात रूढ झालेला आहे. मराठीत ह्या समजाचे उदाहरण म्हणून बहुधा व्ही. शांताराम (१९०१-१९९०) यांचेच नाव पुढे केले जाते. ‘प्रभात’मध्ये असताना ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) यांसारखे बोलपट देणारा हा दिग्दर्शक १९४२ साली ‘राजकमल कलामंदिर’ स्थापन केल्यानंतर रंग, नृत्य आणि नेपथ्य यांच्या आहारी गेला, असा ह्या आक्षेपाचा सर्वसाधारण आशय आहे. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्याची मांडणी ज्या गृहीतावर उभी आहे ते तपासून पाहणे अवश्य आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या भूमीशी निगडित असलेली एक संतकथा ह्या कामी उपयोगी पडते. त्या जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून त्यांची ख्याती झालेली असतानाच गोरा कुंभारांनी थापटणे हाती घेऊन जमलेल्या संतांची मस्तके पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. पुढे त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांस गुरूपदेश लाभला. ह्या कथेतून समीक्षेस घेण्याजोग्या गोष्टी दोन. ख्याती हे पक्वतेचे प्रमाण नव्हे, ही पहिली. दुसरी अशी की, एकेक मडके स्वतंत्रपणे वाजवून पाहावे लागते; साऱ्या आव्याविषयी एकदम निकाल देता येत नाही.

शांतारामांच्या चित्रपटांची अशी एकेकट्याने परीक्षा केली असता वयाचे कारण टिकत नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) ह्या दोन नृत्यप्रधान रंगीत चित्रपटांच्या मधोमध कृष्णधवल ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) उभा आहे, आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरवही झाला. ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ (१९७१) ह्या शिथिल कृतीनंतर वर्षभरातच ‘पिंजरा’ (१९७२) आला. तेव्हा दिग्दर्शकाचे वय सत्तर होते. वयाने येणारी क्षीणता असे चढउतार दाखवीत नाही.

दुसरे कारण सहकाऱ्यांचे सांगितले जाते. ‘प्रभात’मध्ये दामले व फत्तेलाल यांच्यासारखे बरोबरीचे भागीदार होते, ‘राजकमल’मध्ये मालक, दिग्दर्शक आणि कित्येकदा नायकही एकच. हे कारण वजनदार आहे, पण पुरेसे नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ हा ‘राजकमल’चाच चित्रपट असून त्यातील तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका स्वतः शांतारामांनीच केलेली आहे.

खरा भेद विषयाने घातलेल्या बंधनात शोधावा लागतो. ‘कुंकू’मध्ये रूढ पार्श्वसंगीताचा त्याग केलेला असून प्रसंगात प्रत्यक्ष ज्याचे उगमस्थान आहे तेवढाच ध्वनी स्वीकारलेला आहे. त्यामुळे वृद्ध पतीच्या घरातील घड्याळ ही शोभेची वस्तू न राहता नीरेच्या कोंडमाऱ्याची साक्षीदार बनते. स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहाच्या प्रयोगावरून सुचलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये ओसाड जमीन, सहा खुनी कैदी आणि एक अधिकारी एवढीच सामग्री आहे, तेथे अलंकरणास वावच अल्प.

यावरून रंग व नृत्य हेच दोषाचे मूळ, असे मात्र ठरत नाही. ‘पिंजरा’त दोन्ही विपुल आहेत, तथापि तेथे लावणी हीच मास्तरांच्या अधःपाताचे निमित्त असल्याने ती वगळली तर कथाच थांबते. मूळ कल्पना स्टर्नबर्ग यांच्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) वरून सुचलेली असली, तरी स्वतःच्याच खुनाचा आरोप ओढवून घेऊन गावापुढील आदर्श अभंग राखण्यासाठी मौन पाळणारा गुरुजी हा मराठी ग्रामजीवनातील मूल्यकल्पनांतूनच उभा राहिलेला आहे. उलट ‘नवरंग’मध्ये मुखवट्याच्या योगे एकाच नर्तकीकडून स्त्री व पुरुष ह्या दोन्ही भूमिका करवून घेणारी कल्पकता विलक्षण असली, तरी ते नृत्य काढून घेतल्याने कवीच्या कथेस बाध येत नाही. म्हणजे कल्पकता आटलेली नव्हती. जेथे विषय तिला अडवीत नव्हता तेथे तिची धार बोथट होत होती.

‘प्रतिभा ओसरली’ हा निर्णय दिसावयास सहृदय, परंतु परिणामी अन्यायकारक होय. फसलेल्या कृतीचे उत्तरदायित्व त्यामुळे वयावर ढकलले जाते, आणि साधलेली उत्तरकालीन कृती अपवाद म्हणून बाजूस सारली जाते. १९८५ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने शांतारामांच्या समग्र कार्याचा उचित सन्मान झाला. पण सन्मान हा परीक्षेचा पर्याय होऊ शकत नाही. कीर्तिमान कलावंतास ‘हे नको’ असे सांगणारे दिवसेंदिवस कमी होत जातात. शांतारामांच्या बाबतीत तो नकार काही वेळा त्यांच्या विषयांनीच दिला, आणि ज्या ज्या वेळी त्यांनी तो मानला त्या त्या वेळी पन्नाशी वा सत्तरी त्यांच्या आड आली नाही.