पडद्यावरची आई आणि तिच्यामागची अभिनेत्री : रीमा लागू यांच्या कारकिर्दीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

१८ मे २०१७ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी रीमा लागू यांचे मुंबईत हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्याविषयी लिहिताना 'पडद्यावरची आई' हे विशेषण हमखास वापरले जाते. ते गौरवाने दिलेले असते आणि खोटेही नाही. परंतु एखाद्या कलावंताची जवळजवळ चार दशकांची वाटचाल एका नात्याच्या नावात मावते असे आपण मानू लागतो, तेव्हा समीक्षेला तेथे थांबून विचार करावा लागतो. हे विशेषण रीमा लागू यांच्या अभिनयाचे वर्णन करते, की त्यांना भूमिका देणाऱ्या व्यवसायाच्या सवयीचे, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

या लेखात रंगभूमी, हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तीन माध्यमांतील त्यांच्या निवडक भूमिकांचा तुलनात्मक विचार केला आहे. सर्व भूमिकांची सूची देणे हा लेखाचा हेतू नाही. एकाच अभिनेत्रीकडे तीन माध्यमांनी कोणकोणत्या दृष्टीने पाहिले, हे तपासणे हा हेतू आहे.

जडणघडण : रंगभूमीचा वारसा

रीमा लागू यांचा जन्म २१ जून १९५८ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री असल्याने नाटकाचे वातावरण त्यांना घरातच मिळाले. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत बँकेतील नोकरी आणि नाटक अशी दुहेरी वाटचाल त्यांनी काही वर्षे केली. मराठी रंगभूमीच्या त्या पिढीत हे दृश्य अपवादात्मक नव्हते. दिवसा खातेवहीसमोर बसणारा आणि रात्री तिसऱ्या घंटेला विंगेत उभा राहणारा नट हा मुंबईच्या मध्यमवर्गीय नाट्यसंस्कृतीचा कणा होता. अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या रीमा लागू या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

जयवंत दळवी यांच्या 'पुरुष' या नाटकातील अंबिका ही त्यांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात नाना पाटेकर गुलाबरावाच्या भूमिकेत होते. सत्तेच्या बळावर अत्याचार करणाऱ्या पुरुषापुढे हार न मानता अखेर त्याला स्वतःच्या हातांनी शासन करणारी ही स्त्री आहे. न्यायव्यवस्था, समाज आणि जवळची माणसे या सर्वांकडून निराश झाल्यावर ती स्वतः कृती करते. शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे' या नाटकातही त्यांना मध्यवर्ती आणि मानसिकदृष्ट्या अत्यंत गुंतागुंतीची भूमिका मिळाली. एकाच देहात दोन व्यक्तिमत्त्वांचा संघर्ष उभा करण्याचे आव्हान त्या नाटकात होते. मराठी रंगभूमीने रीमा लागू यांच्याकडे नायिका म्हणून, कृतीचे केंद्र म्हणून पाहिले, असे म्हणता येते.

चित्रपटांच्या बाबतीतही आरंभ याच दिशेने झाला होता. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९), श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' (१९८१) आणि गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' (१९८०) या समांतर धारेतील चित्रपटांत त्या दिसतात. भूमिका लहान असल्या तरी त्या कोणाची तरी आई एवढीच ओळख असलेल्या नाहीत. 'सिंहासन'मध्ये सत्ताधारी घराण्यातील सून त्यांनी रंगवली, तर 'आक्रोश'मध्ये त्या नर्तकीच्या भूमिकेत आहेत.

हिंदी चित्रपट : वयाचे गणित

१९८८ साली 'कयामत से कयामत तक' या चित्रपटात रीमा लागू नायिकेच्या, म्हणजे जुही चावला यांच्या आईच्या भूमिकेत आल्या. तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया' (१९८९) प्रदर्शित झाला आणि सलमान खान यांची आई म्हणून त्यांची प्रतिमा पक्की झाली. सलमान खान यांचा जन्म १९६५चा. म्हणजे आई मुलापेक्षा अवघ्या सात वर्षांनी मोठी. 'हम आपके हैं कौन'मध्ये (१९९४) त्यांची कन्या झालेल्या माधुरी दीक्षित त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. 'वास्तव'मध्ये (१९९९) तर पुत्र संजय दत्त केवळ एका वर्षाने लहान आहेत. एकाच वयाचा पुरुष चाळिशीत नायक राहतो आणि स्त्री त्याची आई होते, ही विषमता या एका उदाहरणात पुरेशी स्पष्ट होते.

ही प्रथा रीमा लागू यांच्यापासून सुरू झाली असे मात्र नाही. 'मदर इंडिया'मध्ये (१९५७) नर्गिस आणि त्यांच्या मुलाची भूमिका करणारे सुनील दत्त जवळजवळ समवयस्क होते. तरीही दोन्ही उदाहरणांत एक मूलभूत फरक आहे. 'मदर इंडिया'तील राधा नववधू म्हणून येते, संसार करते, सोसते आणि मग वृद्ध होते. तिच्या मातृत्वामागे एक संपूर्ण आयुष्य उभे असते. रीमा लागू यांना मिळालेल्या बहुसंख्य माता अशा नाहीत. त्यांना भूतकाळ नसतो. त्या चित्रपटात आई म्हणूनच प्रवेश करतात आणि मुलांचा विवाह जुळला की त्यांचे प्रयोजन संपते. 'हम आपके हैं कौन'मधील समधी-समधनींच्या थट्टेच्या प्रसंगात या स्त्रीलाही कधी काळी तारुण्य होते, याची चाहूल लागते. पण ती चाहूलच राहते. तेव्हा मूळ प्रश्न केवळ वयाचा नसून पात्राचा पूर्वेतिहास पुसला जाण्याचा आहे.

या मर्यादेत रीमा लागू यांनी काय साधले, हेही पाहिले पाहिजे. त्यांच्या आधीच्या काळात निरुपा रॉय यांनी साकारलेली आई, विशेषतः 'दीवार'मधील (१९७५), दारिद्र्य आणि अन्याय यांच्या ओझ्याखाली वावरणारी होती. तिचे अश्रू हे कथानकाचे इंधन होते. रीमा लागू यांची आई सुस्थित, नागर घरातील आहे. ती मुलाशी मैत्रिणीसारखी बोलते, त्याच्या प्रेमाला साथ देते आणि पतीच्या हट्टाला विरोध करण्याचे धैर्य दाखवते. संवाद संपल्यावरही समोरच्याचे ऐकत राहणारा चेहरा हे या अभिनयाचे बलस्थान आहे. आवाज न चढवता मतभेद व्यक्त करण्याची ही रीत त्यांनी रंगभूमीवरून आणली असावी, असे अनुमान करता येते. तथापि, पटकथेने या आईला विरोधाचा अधिकार दिला तो मुलाच्या सुखासाठी. स्वतःसाठी काही मागण्याचा अधिकार दिला नाही. जेथे ती काही मागते, त्या 'हम साथ साथ हैं'मध्ये (१९९९) तिच्यावर कैकेयीची छाया पडते आणि अखेर तिला पश्चात्ताप करावा लागतो.

'वास्तव' : प्रतिमेची परीक्षा

महेश मांजरेकर दिग्दर्शित 'वास्तव' हा याच वर्षीचा चित्रपट या प्रतिमेची खरी परीक्षा घेतो. मुंबईच्या चाळीतील शांता ही गुन्हेगारीत गेलेल्या रघूची आई. अखेरीस भीतीने खचलेला, सुटकेची याचना करणारा मुलगा तिच्यासमोर येतो आणि ती त्याच्याच पिस्तुलाने त्याला मारते. येथे 'मदर इंडिया'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. नर्गिस आणि सुनील दत्त यांचे पुत्र संजय दत्त हेच येथे नायक असल्याने ती अधिक गडद होते. परंतु राधा गावाच्या अब्रूसाठी मुलावर गोळी झाडते, तिच्यामागे समाजाचा नैतिक आधार आहे. शांतेच्या कृतीला असा कोणताही आधार नाही. ती न्याय करीत नाही, आदर्श उभा करीत नाही. ती फक्त मुलाचे असह्य झालेले जगणे थांबवते. रीमा लागू हा प्रसंग आक्रोशाने नव्हे, तर निर्णय घेतलेल्या माणसाच्या स्तब्धतेने उभा करतात. 'पुरुष'मधील अंबिकेनंतर पुन्हा एकदा कृतीचे केंद्र त्यांच्याकडे आलेले येथे दिसते. हिंदी चित्रपटातील त्यांची ही सर्वश्रेष्ठ भूमिका होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दूरचित्रवाणी : नाकारलेले वय परत मिळते

रीमा लागू यांच्या कारकिर्दीत १९९४ हे वर्ष विशेष अर्थपूर्ण आहे. या वर्षी 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या दोन उपवर मुलींच्या आई होत्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'श्रीमान श्रीमती' या मालिकेत त्या कोकिला कुलकर्णी, अर्थात कोकी झाल्या. जतीन कनाकिया, राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग यांच्यासह रंगलेल्या या विनोदी मालिकेत शेजारच्या अभिनेत्रीचा पती कोकीवर लुब्ध असतो. चित्रपटाने जिला विहीणबाई ठरवले, तीच स्त्री, त्याच वर्षी, दूरचित्रवाणीवर कोणाच्या तरी स्वप्नातील सुंदरी आहे. छत्तीस वर्षांच्या स्त्रीला तिचे वय परत देण्याचे काम छोट्या पडद्याने केले.

याच सुमारास सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेली 'तू तू मैं मैं' ही मालिका आली. तीत सुप्रिया पिळगावकर सून आणि रीमा लागू सासू. वरवर पाहता ही पुन्हा वयाने मोठ्या स्त्रीची भूमिका. परंतु या सासूला राग आहे, मत्सर आहे, डावपेच आहेत आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची खुमखुमी आहे. चित्रपटातील सोशिक आईला जे जे नाकारले गेले, ते सर्व या सासूला मिळाले. दोघींच्या संवादातील टाळ्या घेणारी फेक, प्रतिसादाची अचूक वेळ आणि एकमेकींसाठी जागा सोडण्याची जाण ही नाटकाच्या तालमीतून येणारी गुणवत्ता आहे.

दूरचित्रवाणीचे हे औदार्य सरसकट मानणेही चुकीचे ठरेल. या मालिकांचा विनोद घराच्या चार भिंतींत आणि सासू-सुनेच्या रूढ चौकटीतच फिरतो. २०१६ साली सुरू झालेल्या 'नामकरण'मध्ये रीमा लागू करारी, कठोर दयावंती मेहता झाल्या आणि मृत्यूपर्यंत ती भूमिका करीत राहिल्या. त्या भूमिकेला धार होती, पण तीही कुटुंबप्रमुख स्त्रीचीच होती. मराठी चित्रपटांत त्या अखेरपर्यंत कार्यरत होत्या. 'होम स्वीट होम' (२०१८) त्यांच्या निधनानंतर प्रदर्शित झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. 'पडद्यावरची आई' हे विशेषण रीमा लागू यांच्या हिंदी चित्रपटांतील एका कालखंडापुरते खरे आहे. त्यांच्या रंगभूमीवरील आणि दूरचित्रवाणीवरील कार्याला ते लागू पडत नाही.

२. तिशीतील अभिनेत्रीला आईच्या भूमिकेत बसवणे हा अभिनेत्रीच्या मर्यादेचा नव्हे, तर नायकाचे तारुण्य लांबवणाऱ्या व्यवसायाचा परिणाम आहे.

३. मिळालेल्या चौकटीत त्यांनी सोशिक, अश्रुपूर्ण आईच्या जागी बोलकी, मैत्रीपूर्ण आई उभी केली. ही त्यांची स्वतंत्र भर आहे. मात्र चौकट मोडण्याची संधी त्यांना 'वास्तव'सारख्या अपवादानेच दिली.

४. त्यांच्या अभिनयाचे मूळ मराठी रंगभूमीत आहे. नाटकाचा प्रयोग संपताच नाहीसा होतो आणि चित्रपट उरतो; त्यामुळे त्यांच्या कलेचा सर्वांत समृद्ध भाग स्मृतीतून प्रथम पुसला जाण्याचा धोका आहे.

हा चौथा मुद्दा अध्यापकांशी थेट संबंधित आहे. महाविद्यालयीन वर्गात नाटक शिकवताना आपण संहिता शिकवतो, नाटककार शिकवतो; ती संहिता रंगमंचावर जिने जिवंत केली तिचा उल्लेख तळटीपेतही क्वचित येतो. 'पुरुष' शिकवताना दळवींच्या बरोबरीने अंबिका साकारणाऱ्या अभिनेत्रीचाही विचार झाला, तर विद्यार्थ्यांना एका आईच्या प्रतिमेमागची कलावती दिसेल. रीमा लागू यांच्याविषयीचे आपले ऋण त्या मार्गाने काही अंशी फिटू शकेल.