टपालाची उपमा कुठवर पुरते?

प्रथिने पेशीत योग्य अंगकाकडे कशी पोहोचतात, हे वर्गात टपालाच्या उपमेने समजावले जाते. आम्हांला ती अपुरी वाटते. पाकिटावर पत्ता आपण लिहितो. गुंटर ब्लोबेल (नोबेल पारितोषिक, १९९९) यांनी दाखवले, की प्रथिनाचा पत्ता त्याच्याच अमिनो आम्लांच्या क्रमात असतो. आंतर्द्रव्यजालिकेकडे जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा पत्ता तर साखळी पुरी होण्याआधीच ओळखला जातो. तो वाचणारा पोस्टमनही नसतो. रेणूला रेणू जुळतो, इतकेच.

लयकारिकांच्या विकरांवर मात्र मॅनोज-६-फॉस्फेटचा शिक्का गॉल्गी संकुलात मागाहून बसतो; तेथे उपमा शोभते. आय-सेल या आनुवंशिक आजारात हा शिक्का बसत नाही. मग अनेक विकरे पेशीबाहेर जातात आणि लयकारिकांत कचरा साचतो.

उपमा जरूर द्यावी. ती कोठे तुटते, हे मुलांनाच विचारावे.