गोषवारा आणि खतावणी : वैद्यकीय परिषदांतील शोधसारांशाच्या गद्याची चिकित्सा

वैद्यकीय परिषदेचे पहिले निवेदन प्रसिद्ध होते तेव्हा सभागृह, निवासव्यवस्था आणि नोंदणीशुल्क यांच्या तपशिलाबरोबर त्यात एक सूचना हमखास असते : शोधनिबंधाचे गोषवारे अमुक तारखेच्या आत पाठवावेत, शब्दमर्यादा अडीचशे. परळमध्ये या सूचनेला विशेष अर्थ आहे. सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय (१९२६), टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) आणि जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून असलेली हाफकिन संस्था ही सारी एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. येथील निवासी डॉक्टर रात्रपाळी संपवून ज्या गद्यप्रकाराशी झुंजतो तो गोषवारा होय. या गद्याची वैद्यकीय तपासणी परीक्षक करतात. भाषिक तपासणी मात्र सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच आहे. औषध गुणकारी की निरुपयोगी, हा येथील प्रश्न नाही. अडीचशे शब्द काय सांगतात, काय सांगितल्यासारखे करतात आणि काय गाळतात, हे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'गोषवारा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून दफ्तरात आला. 'गोश' म्हणजे कान. गोशवारा म्हणजे कानातील अलंकार, आणि लक्षणेने हिशेबाचा संक्षेप. मराठी कारकुनाच्या व्यवहारात या शब्दाला एक ठाम क्रम चिकटलेला होता. आधी रोजकीर्द, मग खतावणी आणि शेवटी गोषवारा. खतावणी नसताना गोषवारा मांडणे यास दफ्तरी भाषेत सौम्य शब्द नव्हता. परिषदेच्या गोषवाऱ्याने हा क्रम उलटा केला आहे. मुदत आधी येते, गोषवारा त्यानंतर, आणि खतावणी सवडीने. ही उलथापालथ त्या गद्याच्या व्याकरणात उमटते, असे माझे प्रतिपादन आहे.

आज रूढ असलेला गोषवाऱ्याचा साचा फार जुना नाही. 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात १९८७ साली एका अभ्यासगटाने उपशीर्षकांनी विभागलेल्या सारांशाचा पुरस्कार केला. त्यानंतर पार्श्वभूमी, उद्देश, पद्धती, निष्पत्ती, निष्कर्ष अशी चौकट सर्वत्र पसरली. चौकट चांगली आहे. वाचकाला हवे ते लगेच सापडते आणि लेखकाला लपण्यास जागा कमी उरते. २००८ मध्ये 'कन्सॉर्ट' गटाने चिकित्सा-चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी स्वतंत्र सूची दिली. प्रत्येक गटात किती रुग्ण होते, अपाय कोणते झाले, चाचणीची नोंदणी कोठे झाली, हे अडीचशे शब्दांतही आले पाहिजे असा तिचा आग्रह आहे. परंतु चौकट भरण्याचे बंधन आणि भरावयास हाती काही असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

ज्याने परिषदांच्या स्मरणिका चाळल्या आहेत त्याला एक वाक्य परिचित असेल : 'निष्पत्तीची चर्चा परिषदेत केली जाईल.' मला हे वाक्य या गद्यप्रकाराचे मर्म वाटते. पद्धतीच्या परिच्छेदात भूतकाळ असतो : रुग्णांची निवड करण्यात आली, तपासण्या करण्यात आल्या. निष्पत्तीच्या जागी अचानक भविष्यकाळ अवतरतो. त्यानंतर निष्कर्षात ठाम वर्तमानकाळ येतो : सदर उपचार सुरक्षित व परिणामकारक आहे. भविष्यातून वर्तमान सिद्ध करण्याची ही किमया आपल्या न्यायशास्त्राला मान्य होण्यासारखी नाही. तरी प्रामाणिकपणाच्या तराजूत हे वाक्य बरे म्हणावे लागते, कारण ते निदान रिकामी जागा दाखवते. अधिक घातक आहे ती सफाई. तीस रुग्णांचे उद्दिष्ट असते, मुदतीपर्यंत अकरा झालेले असतात आणि गोषवाऱ्यात 'प्राथमिक निष्पत्ती आशादायक' असे म्हटले जाते. या सामासिक सभ्यतेत अकरा हा आकडा बुडून जातो.

दुसरा विशेष कर्मणी रचनेचा. 'निवड करण्यात आली' या वाक्यात निवडणारा नाही. निवडला गेलेला आहे, पण केवळ संख्येच्या रूपात. शास्त्रीय गद्याने कर्ता मागे ठेवावा हा संकेत मला मान्य आहे. दर वाक्यात 'मी' येऊ लागला तर ते आत्मचरित्र होईल. तथापि पूर्ण शोधनिबंधात पद्धतीच्या तपशिलातून हा कर्ता पुन्हा प्रकट होतो. कोणी तपासले, किती वेळा, कोण गळाले, का गळाले, हे तेथे समजते. गोषवाऱ्यात त्याला जागा नाही. म्हणून गोषवाऱ्याची विश्वासार्हता त्याच्या मागे उभ्या असलेल्या दीर्घ लेखनावर उधार असते. उधारी फेडली गेली तर हरकत नाही.

ती किती वेळा फेडली जाते? कॉक्रेन संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात या विषयावरील ४२५ अहवाल एकत्र तपासले गेले. त्यांतील ३,०७,०२८ गोषवाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण निबंधाच्या रूपात प्रसिद्ध झाले. याच संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात हे प्रमाण ४४.५ टक्के होते. अनुकूल निष्पत्ती असलेले काम प्रसिद्ध होण्याची शक्यता अधिक, हेही त्यात आढळले. यातील सर्वच अप्रसिद्ध काम निकृष्ट असेल असे नाही. लेखकांना वेळ मिळत नाही, बदल्या होतात, मार्गदर्शक निवृत्त होतात. परंतु प्रसिद्ध न झालेल्या दर अभ्यासामागे रक्त दिलेली, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आणखी एक सकाळ घालवलेली माणसे आहेत. त्यांच्या त्या सकाळीची नोंद स्मरणिकेच्या एका परिच्छेदात संपते.

याचे खापर एकट्या निवासी डॉक्टरवर फोडणे अन्यायाचे ठरेल. २०२० मध्ये विसर्जित झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने पदव्युत्तर परीक्षेस बसण्यासाठी एक भित्तिपत्र, परिषदेत वाचलेला एक निबंध आणि प्रकाशनार्थ निदान पाठवलेला एक लेख अशी अट घातली होती. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला की तीन वर्षांच्या शिक्षणक्रमात मुदतीला जिज्ञासेपेक्षा अधिक वजन आले. आम्हा कला शाखेच्या अध्यापकांना यावर हसण्याचा अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी चर्चासत्रातील निबंधवाचनाला गुण ठरवून दिले, आणि संतसाहित्यापासून जागतिकीकरणापर्यंतच्या गोषवाऱ्यांचा महापूर आम्हीही पाहिला. त्या गुणांकनाचे आद्याक्षरी नाव 'एपीआय' होते, आणि 'असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया' या मान्यवर संस्थेची आद्याक्षरेही तीच. हा योगायोग कोणा विनोदकाराच्या नजरेतून कसा सुटला, याचे आश्चर्य वाटते.

घाईने सांगणे वाईट म्हणून न सांगणे चांगले, असे मात्र ठरत नाही. या संदर्भात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे उदाहरण बोलके आहे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर (१८५१). कुष्ठरोगावरील आपल्या उपचाराची पुरती खात्री होईपर्यंत औषधाचे नाव प्रकट करावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि तीवर त्यांच्या हयातीत टीकाही झाली. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. औषध कडू कवठाच्या बियांचे तेल होते हे मागाहून समजले. परंतु इतक्या रुग्णांवरील निरीक्षणांची सुसंगत मांडणी शास्त्राच्या हाती आली नाही. भाऊंजवळ खतावणी होती, गोषवारा नव्हता. आजच्या स्मरणिकेत याच्या नेमके उलट चित्र दिसते. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट एकच.

या दोन टोकांच्या मध्ये परळनेच घालून दिलेला एक नमुना आहे, आणि त्याकडे गद्य म्हणून पाहावे असे मला वाटते. ३ मे १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये एक छोटे टिपण आले. लेखकांत सेठ गोरधनदास महाविद्यालयाचे य. मो. भेंडे आणि त्यांचे मुंबईतील सहकारी देशपांडे व भाटिया होते. लंडनहून सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स होते. विषय होता अवघ्या तीन व्यक्तींचे रक्त. ते वरवर 'ओ' गटाचे भासे, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला जाणारा हा गट भारतात सुमारे दहा हजारांत एकाला असतो असे मानले जाते. टिपण दोन पानांत मावले. त्याचे शीर्षक मात्र मनात रेंगाळते : ए-बी-ओ पद्धतीशी संबंधित एक 'नवे' रक्तगटलक्षण. यात 'नवे' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. संशोधकाला सर्वांत प्रिय असलेले विशेषण येथे लेखकांनी चिमटीत धरून, जरा दूर ठेवले आहे. नवेपण आपल्या चाचण्यांपुरते आहे, पुढील माणूस ते खोडू शकेल, एवढे सारे त्या दोन चिन्हांत आले. हल्लीच्या गोषवाऱ्यांतील 'प्रथमच', 'अभिनव' आणि 'एकमेवाद्वितीय' यांच्याशेजारी हे शीर्षक ठेवून पाहावे.

के. ई. एम.शी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवर लिहिलेला निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. त्याच्या शीर्षकात वनस्पतीचे नाव, रोगाचे नाव आणि 'चाचणी' एवढेच आहे. यशाचा उच्चार नाही. त्या निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले आणि वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. संयत शीर्षकामुळे कोणाचे काही अडले नाही.

हा सारा स्मरणरंजनाचा भाग आहे, असा आक्षेप येऊ शकेल. मोठ्या परिषदांच्या काळातही गोषवारा खतावणीशी इमान राखू शकतो, याचा पुरावा टाटा स्मारक रुग्णालयाने दिला आहे. मुखाच्या कर्करोगात मानेतील गाठी आधीच काढाव्यात की त्या दिसू लागल्यावर, या प्रश्नावरील अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांचे काम २०१५ मध्ये अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ संघटनेच्या शिकागो येथील मुख्य अधिवेशनात मांडले गेले. आधीच शस्त्रक्रिया केलेल्या गटात तीन वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ८० टक्के, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. ३१ मे रोजी, म्हणजे सादरीकरणाच्याच दिवशी, पूर्ण निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केला. हा गोषवारा 'ऐनवेळचे' म्हणून वेगळ्या काढलेल्या वर्गातील होता. त्या वर्गात अखेरची आकडेवारी उशिरा देण्याची मुभा उघडपणे, तारखेसह दिलेली असते. तेथेही भविष्यकाळ आहे. पण तो मान्य केलेला आहे.

त्याआधीचे २०१३ चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे. सुरेंद्र शास्त्री यांनी त्याच व्यासपीठावर मुंबईतील झोपडवस्त्यांत केलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास मांडला. ७५,३६० स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्लाच्या साहाय्याने दर दोन वर्षांनी डोळ्यांनी तपासणी केली. ७६,१७८ स्त्रिया तुलनेच्या गटात होत्या. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुढील वर्षी पूर्ण निबंध आला, म्हणजे उधारी फिटली. वर्तमानपत्रांनी 'व्हिनेगर' हा एक शब्द उचलला. 'तुलनेचा गट' हा शब्द कोणी उचलला नाही. त्या गटातील स्त्रियांना आरंभी कर्करोगाविषयी आरोग्यशिक्षण दिले गेले, तपासणी नाही. आणि पुढे अमेरिकेतील काही तज्ज्ञांनी यावर नैतिक आक्षेप घेतला. भारतात त्या काळी अशी तपासणी सर्वसामान्य स्त्रीला मिळतच नव्हती, हे त्यावरचे उत्तर. हा वाद येथे सोडवता येणार नाही. परंतु शहात्तर हजार स्त्रिया ज्यात सामावल्या आहेत ते पद गोषवाऱ्यात एका उपवाक्याएवढी जागा घेते, हे वाचताना ध्यानात ठेवलेच पाहिजे. गोषवाऱ्याने येथे खोटे सांगितलेले नाही. संक्षेपाचा धर्मच असा आहे की ज्यावर भांडण होऊ शकेल तो तपशील सर्वांत आधी आकसतो.

वैद्यकीय लेखनाचा स्वतंत्र विचार परळमध्ये झालाच नाही, असे नाही. सेठ गोरधनदास महाविद्यालय व के. ई. एम. यांच्या अध्यापकांनी १९५५ पासून चालवलेल्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'ने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २००४ मध्ये वैद्यकीय लेखन व प्रकाशन याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. लेखन हे संशोधनाचे अखेरचे कारकुनी काम नसून त्याचाच भाग आहे, ही जाण त्यामागे होती. मात्र अशा विचारमंथनात भाषा म्हणजे इंग्रजी, हे गृहीतच असते. चाचणीत सहभागी होणाऱ्याची संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, हे भारतातील २०१९ च्या चाचणीविषयक नियमांतही आहे. त्यामुळे लालबागच्या किंवा भायखळ्याच्या रुग्णापुढे येणारे संमतिपत्रक मराठीत असते, आणि ते सहसा काळजीपूर्वक केलेले असते. त्यात भविष्यकाळ आहे आणि तो तेथे शोभतो : आपले रक्त घेतले जाईल, आपली माहिती गुप्त ठेवली जाईल, आपण केव्हाही माघार घेऊ शकाल. पुढे या भविष्यकाळाचा भूतकाळ होतो तेव्हा मात्र तो इंग्रजीत होतो, आणि दुसऱ्या शहरातील वातानुकूलित दालनात भित्तिपत्रावर लागतो. कॉक्रेन संस्था आपल्या आढाव्यांना सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतील सारांश जोडते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमनाने औषधचाचण्यांसाठी तसा सारांश आवश्यक ठरवला. आपल्या परिषदांनी गोषवारा मागवतानाच, संमतिपत्रक ज्या भाषेत होते त्या भाषेतील शंभर शब्दांचा सारांशही मागवण्यास अडचण ती काय? शब्दमर्यादा आहे, मुदत आहे, अर्ज भरण्याची यंत्रणा आहे. 'चर्चा परिषदेत केली जाईल' हे वाक्य अकरा रुग्णांपैकी एकालाच उद्देशून मराठीत लिहावयाचे झाले, तर लेखक ते कसे लिहील हे मला पाहावयाचे आहे.