अवर्षणाची उसनी प्रतिमा : यवतमाळचा पाऊस आणि वऱ्हाडी लेखन

मराठी ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'दुष्काळ' ही संज्ञा बहुधा एकजिनसी मानली गेली आहे. पाऊस न येणे, जमीन भेगाळणे, जनावरे दावणीला मरणे आणि अखेर गाव उठून जाणे, असा या संज्ञेचा एक क्रम वाचकाच्या मनात पक्का झालेला असतो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'ने (१९५५) या क्रमाला जे कलात्मक रूप दिले, त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. ते रूप माणदेशाच्या हवामानाशी इमान राखणारे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील, वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या त्या मुलखात आपत्ती म्हणजे अभाव. दोष कादंबरीचा नाही. एका प्रदेशाच्या हवामानातून घडलेली प्रतिमा समीक्षेने सर्व प्रदेशांसाठी मानदंड म्हणून वापरली, हा खरा प्रश्न आहे. तो सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो यवतमाळच्या संदर्भात.

उत्तरेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा जिल्हा कृषिविज्ञानाच्या परिभाषेत निश्चित पर्जन्याच्या प्रदेशात मोडतो. वार्षिक सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि पूर्वेकडे, वणीच्या दिशेने, ती वाढत जाते. माणदेशाच्या मापाने पाहिले तर येथे दुष्काळ असण्याचे कारणच नाही. परंतु कोरडवाहू पऱ्हाटीचे भवितव्य सरासरीवर ठरत नाही, ते पावसाच्या वेळेवर ठरते. जूनमध्ये ओल होते, पेरणी उरकते, मग दोन-तीन आठवडे उघाड पडते आणि दुबार पेरणीचे कर्ज उभे राहते. नंतर झड लागते आणि नदीनाल्याकाठची वावरे खरडून जातात. बोंडे फुटण्याच्या वेळी पुन्हा पाऊस आला की कापूस झाडावरच भिजतो. वर्षअखेरीस पर्जन्यमापकातील आकडा मात्र समाधानकारक असतो. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर मागवावी लागली. त्या वर्षीच्या सरासरीत तो दिवसही 'चांगला पाऊस' म्हणूनच मिळवला जातो.

अशा आपत्तीला चित्र नसते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला शेत हिरवेच दिसते. तिला धड नावही नाही, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. अतिवृष्टीने झालेल्या नाशाला मराठीने 'ओला दुष्काळ' असे वदतोव्याघाताचे नाव दिले. दुःखाला मान्यता मिळवायची तर ते 'दुष्काळ' या शब्दातच बसवावे लागते, याची ही भाषिक कबुली होय. शासकीय नियमावलीत मात्र ही संज्ञा नाही. पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की संकट आणि वर राहिली की सुस्थिती, या दीर्घकाळ चाललेल्या पद्धतीनेही आपत्तीचे मोजमाप पिकाच्या तुटीवर केले. पेरणी दोनदा झाली, कर्ज दोनदा झाले, ही बाब त्या हिशेबाच्या बाहेरच राहिली.

या अदृश्यतेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड हा पाऊस आणि कापूस यांच्या बळावर दुष्काळापासून सुरक्षित प्रांत समजला जाई. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तो समज खोटा ठरवला. लक्ष्मण सत्या यांच्या 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या अभ्यासाने कापसाच्या व्यापारी विस्ताराने अन्नधान्याची व्यवस्था कशी पोखरली, हे दाखवून दिले आहे. दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणूनच असे नाही, धान्यावरचा हक्क उरत नाही म्हणूनही मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेले सूत्र वऱ्हाडला विशेष लागू पडते. येथे आपत्ती आभाळातून सुरू होत असली तरी तिचा शेवट बाजारात आणि सावकाराच्या वहीत होतो. म्हणूनच तिचे साहित्यरूपही निसर्गवर्णनाचे असू शकत नाही.

वऱ्हाडातील महत्त्वाचे लेखन याची साक्ष देते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) शिंपी कुटुंबातील कौतिकची झुंज आहे. तेथे कोणतीही एक नैसर्गिक आपत्ती कथानकाला वळण देत नाही. शीर्षकातील धग ही ज्वाळा नव्हे, ती सतत जाणवणारी आच आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'च्या (२००२) शीर्षकातही हेच कालभान आहे. उत्तर भारतीय लोककाव्यातील बारामाशी महिन्यामहिन्यांचे वेगळेपण गाते, प्रत्येक ऋतूला विरहाची वेगळी छटा देते. देशमुखांच्या बुलढाण्याकडील गावात मात्र बारा महिने वेगळे उरतच नाहीत. 'बनगरवाडी'तील आपत्ती येते आणि गाव रिकामे करते. वऱ्हाडी कादंबरीतील आपत्ती मुक्कामाला असते आणि माणसेही जागची हलत नाहीत. पहिली घटना आहे, दुसरी अवस्था. घटनेच्या अपेक्षेने वाचणाऱ्या समीक्षकाला दुसऱ्या प्रकारचे लेखन पसरट वाटले, तर त्याने प्रथम आपली अपेक्षा तपासली पाहिजे.

दुसरा विशेष संबोधनाचा आहे. पावसाला देव मानून आळवणे किंवा सखा मानून गाणे या मराठी कवितेच्या परिचित रीती होत. यवतमाळचे वऱ्हाडी कवी शंकर बडे (निधन २०१६) यांच्या पुरावरील प्रसिद्ध कवितेत पाऊस येतो तो 'इचीन' या अस्सल वऱ्हाडी शिवीवजा उद्गाराला सोबत घेऊन. वाहून गेलेल्या म्हाताऱ्याची वार्ता ऐकताना श्रोते हसतात, आणि हसता हसता त्यांना काय घडले ते कळते. सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाचे नावही पावसाला दिलेली शिवीच आहे. नवरा जीव देईल या धास्तीने त्याच्यावर घरच्यांची नजर ठेवणाऱ्या बाईची ही गोष्ट त्याच तिरकस विनोदाने सांगितलेली आहे. शिवी परक्याला दिली तर ती वैर असते, घरातल्याला दिली तर ती तक्रार असते. पाऊस येथे चुकार नातेवाइकासारखा आहे : त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याचा भरवसाही नाही. बोलीचे महत्त्व केवळ 'स्थानिक रंग' म्हणून नाही, ते या नात्यामुळे आहे. ही कविता प्रमाण मराठीत नेली तर अर्थ उरेल, नाते उरणार नाही.

बाहेरून लादलेली ओळख आणि आतून बोललेली ओळख यांतील अंतर येथे स्पष्ट होते. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी केलेल्या सामूहिक आत्महत्येपासून, आणि विशेषतः २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने मदत योजना जाहीर केल्यापासून, 'आत्महत्याग्रस्त' हे विशेषण यवतमाळला चिकटले. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यानंतर जिल्ह्यातील एका शेतकरी विधवेच्या हस्ते उद्घाटन झाले. तिचा आवाज व्यासपीठावर आला, हे मोलाचे. परंतु एका लेखिकेच्या रिकाम्या जागी तिला बोलावले गेले आणि प्रदेशाने स्वतःचे प्रतीक म्हणून पुन्हा आपले दुःखच पुढे केले, हेही नजरेआड करता येत नाही. जिल्ह्याची ओळख मरणाच्या आकड्यावर उभी राहिली की त्याच्या भाषेतील हसू आणि भांडण ऐकू येईनासे होते.

तरीही वऱ्हाडी बोलीचा हा आवाज म्हणजे संपूर्ण यवतमाळ, असे मानणे दुसरी चूक ठरेल. देशीवादी मांडणी भूमीशी असलेल्या नात्यावर भर देते, पण भूमी कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न तीत मागे पडतो. झरी-जामणी आणि केळापूरचे कोलाम, गोंड, पुसदकडील बंजारा तांडे आणि भूमिहीन मजूर यांच्या वाट्याला येणारी आपत्ती निराळी आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. या मृत्यूंना ना अवर्षण कारण होते, ना पूर. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरणाऱ्या मजुराचे पावसाशी नाते सातबाऱ्यातून येत नाही, रोजाच्या मजुरीतून येते. कोलामी किंवा गोरमाटीत पावसाला काय म्हणतात, त्याच्याशी कसे भांडतात, हे मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे विचारलेले नाही.

प्रादेशिक साहित्याचा विचार प्रदेशाच्या नकाशाऐवजी त्याच्या आपत्तीच्या स्वरूपापासून सुरू केला, तर वाङ्मयप्रकार, कालभान आणि संबोधन यांचे प्रश्न नव्याने मांडता येतात. माणदेशाची प्रतिमा माणदेशाला परत करणे हे त्यातील पहिले पाऊल होय. यवतमाळला स्वतःची प्रतिमा आहे. ती भेगाळलेल्या जमिनीची नसून हिरव्या शेतात उभ्या असलेल्या कर्जबाजारी माणसाची आहे, आणि त्या शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नसलेल्या माणसाचीही.